बारव, मोट आणि हापसा

‘आठ दिवस वीज आली नाही, तर आपल्या गावाला प्यायचे पाणी कुठून मिळेल?’ हा प्रश्न वर्गात विचारून पाहावा. मुले बहुधा ‘टँकर’ म्हणतील. टँकर कुठे भरेल? विहिरीवर. विहिरीतले पाणी टँकरमध्ये कसे चढेल? मोटारीने. आणि मोटार कशावर चालते? इथवर आले की वर्गात चर्चा आपोआप सुरू होते.

या चर्चेत मोठी माणसे सहसा दोन बाजूंना वाटली जातात. एक बाजू म्हणते, आमच्या वाडवडिलांचे ज्ञान आपण घालवून बसलो. दुसरी म्हणते, गेलेले गेले, आता त्याचा काय उपयोग? आम्हाला वाटते, दोन्ही बाजूंनी एक काम करायचे राहून जाते. जुने साधन नेमके कसे चालत होते, ते का मागे पडले आणि नव्याने काय दिले, हे तपशिलात पाहणे हे ते काम. ते झाले, की जुन्यातले काय राखून ठेवायचे हे ठरवता येते.

त्यासाठी आपण हिंगोली जिल्ह्याचा भाग घेऊ. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत या पाच तालुक्यांचा हा जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. त्यामुळे जुन्या नोंदींत त्याचा शोध परभणी जिल्ह्यात आणि १९४८ पूर्वीच्या नोंदींत हैदराबाद संस्थानात घ्यावा लागतो. जे इथे घडले तेच थोड्याफार फरकाने सगळ्या मराठवाड्यात घडले आहे.

दगडातले पाणी

जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून पैनगंगा वाहते, हिंगोली शहराजवळून कयाधू आणि दक्षिणेकडे पूर्णा. पूर्णेवरची येलदरी आणि सिद्धेश्वर ही धरणे १९६० च्या दशकात पूर्ण झाली. पण नदीकाठ आणि कालव्याचा पट्टा सोडला, तर बाकीच्या गावांची भिस्त जमिनीखालच्या पाण्यावर आहे.

हा सगळा प्रदेश काळ्या पाषाणाचा, म्हणजे बसाल्टचा. लाव्हारसाचे थरावर थर साचून तो तयार झाला. अखंड बसाल्टमध्ये पाणी शिरायला जागा नसते. वरचा झिजलेला मुरमाचा थर, खडकातल्या भेगा आणि दोन थरांमधली सांध, एवढ्याच जागी पाणी साठते. म्हणून इथे एका विहिरीला भरपूर पाणी लागते आणि शंभर पावलांवरची दुसरी कोरडी राहते. पावसाळ्यानंतर विहिरी काठोकाठ दिसतात आणि चैत्र-वैशाखात तळ गाठतात. पाण्याचे प्रत्येक साधन इथे या खडकाशी जुळवून घ्यावे लागले.

बारव

औंढ्याचे नागनाथाचे मंदिर यादवकालीन आहे. मंदिराच्या आवारात एक पायविहीर आहे. लोक तिला सासू-सुनेची बारव म्हणतात. अशा बारवा मराठवाड्यात जागोजागी आहेत. परभणी जिल्ह्यातल्या वालूरची बारव तिच्या चक्राकार पायऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे.

बारवेची रचना नीट पाहिली, तर तिच्यामागचा विचार कळतो. पाण्याची पातळी वर्षभरात कितीतरी हात खालीवर होणार, हे बांधणाऱ्यांना ठाऊक होते. म्हणून पाणी वर आणण्याऐवजी माणसाला खाली उतरण्याची सोय केली. पाणी खाली गेले, की माणूस आणखी चार पायऱ्या उतरतो. दोर नको, चाक नको, जनावर नको. दगड घडीव असत आणि ते एकमेकांत असे बसवलेले असत, की सांध्यांतून पाणी पाझरून आत यावे. मोडण्यासारखा एकही हलता भाग तिच्यात नाही. बिघाड होतो तो एकच, गाळाचा. गाळ काढायला कारागीर लागत नाही, पण गाव एकत्र यावे लागते.

मोट

प्यायला घागर पुरते, पिकाला पुरत नाही. शेतीसाठी मोट होती. चामड्याची मोठी पिशवी, तिला खाली निमुळती सोंड, विहिरीच्या तोंडावर चाक आणि त्याखाली कणा, बैलांच्या जोखडाला बांधलेला जाड नाडा आणि सोंडेला बांधलेला बारीक दोर. बैल उताराच्या धावेवरून खाली चालत गेले की मोट वर येई, सोंड थारोळ्यात मोकळी होई आणि पाणी पाटाने शेतात जाई.

आता थोडे गणित करू. समजा मोटेत १५० लिटर पाणी येते, पाणी १० मीटर खोल आहे आणि मिनिटाला एक फेरी होते. १५० किलोग्रॅम पाणी १० मीटर उचलायला १५० × ९.८ × १०, म्हणजे १४,७०० ज्यूल ऊर्जा लागते. ती ६० सेकंदांत खर्च होते, म्हणजे शक्ती झाली २४५ वॅट. हे एका अश्वशक्तीच्या एक तृतीयांशाइतके आहे.

त्याच विहिरीवर ५ अश्वशक्तीची मोटार बसवली आणि तिची निम्मी शक्ती पाणी उचलण्यात कामी आली असे धरले, तर साधारण १,८६५ वॅट मिळतात. १ लिटर पाणी १० मीटर उचलायला ९८ ज्यूल लागतात. म्हणजे सेकंदाला १९ लिटर आणि मिनिटाला १,१०० लिटरांहून अधिक पाणी वर येते. मोटेच्या सातपटीहून जास्त! शिवाय बैलांना विसावा लागतो, मोटारीला लागत नाही.

पण एवढ्यावर थांबू नये. विहिरीचा व्यास ६ मीटर असेल, तर तिचा तळ सुमारे २८ चौरस मीटरांचा होतो. झऱ्यातून पाणी येतच नाही असे क्षणभर धरले, तर मोटेने तासाला सुमारे ३२ सेंटिमीटर पातळी उतरेल आणि मोटारीने सुमारे २ मीटर ४० सेंटिमीटर. मोटेच्या गतीत झऱ्याला विहीर भरायला सवड मिळत होती. मोटारीच्या गतीत ती मिळत नाही. शेतकरी जाणूनबुजून काटकसर करत होता असे नव्हे. साधनच सावकाश होते. पण त्या सावकाशीने विहिरीची राखण होत होती. ते साधन गेल्यावर ती राखण दुसऱ्या कशाने तरी, म्हणजे मोजमापाने, नियमाने किंवा समजुतीने करायला हवी होती. ती आपण वेळेवर केली नाही.

मोटेच्या मागे अनेक हातांचे कसब होते. चामडे कमावून मोट शिवणारे, अंबाडीचा किंवा घायपाताचा नाडा वळणारे, चाक-कणा करणारे सुतार. डिझेल इंजिने आली, मग खेड्यांत वीज आली आणि हे कसब एका पिढीत विरले. आज मोटेचे चित्र पाठ्यपुस्तकात सापडेल, पण मोट शिवणारा माणूस शोधून काढावा लागेल.

नाण्याची दुसरी बाजू

इथवर वाचून कोणी म्हणेल, की मग बारवा उघडा आणि मोटा जोडा. या टप्प्यावर इतिहास आपल्याला थांबवतो.

आपल्या आजी-आजोबांना नारू हा शब्द सांगून पाहा. नारू हा दोऱ्यासारखा जंत. त्याची मादी एक मीटरपर्यंत लांब वाढते आणि बहुधा पायाच्या कातडीखालून बाहेर येते. तिथे आग होणारा फोड उठतो. आग शमवायला रोगी पाय पाण्यात बुडवतो, फोड फुटतो आणि नारूच्या असंख्य अळ्या पाण्यात सुटतात. पाण्यातले सायक्लॉप्स नावाचे बारीक जीव त्या अळ्या गिळतात. असे पाणी कोणी प्यायले, की जठरात सायक्लॉप्स मरतो, अळी मोकळी होते आणि साधारण वर्षाने त्या माणसाच्या पायातून नवा नारू बाहेर पडतो.

या चक्राला काय हवे? प्यायच्या पाण्यात माणसाचा पाय पडायला हवा. आणि बारवेत तेच तर होते! पाणी जपणारी, दोराची गरज नसलेली ती सुंदर रचनाच या रोगाची वाट होती. नारूवर लस नव्हती आणि औषधही नव्हते. बाहेर आलेला जंत काडीवर दररोज थोडा थोडा गुंडाळत काढणे हाच उपाय. तो तुटला, तर जखम चिघळायची. ऐन पेरणीच्या दिवसांत घरातली कर्ती माणसे अंथरुणाला खिळायची.

भारताने १९८३-८४ मध्ये नारू निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. त्या सुमारास देशात वर्षाला सुमारे ४० हजार रोगी नोंदले जात होते. रोग असलेल्या सात राज्यांत महाराष्ट्र होता. पायविहिरींच्या पायऱ्या बंद करून त्यांना कठडा आणि रहाट बसवणे, हापसे देणे, पाण्यात सायक्लॉप्स मारणारे औषध टाकणे आणि पाणी गाळून पिण्याची सवय लावणे, अशी कामे झाली. देशातला शेवटचा रोगी जुलै १९९६ मध्ये राजस्थानातल्या जोधपूर जिल्ह्यात नोंदला गेला. फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र दिले.

यातली एक गोष्ट शिक्षकांनी मुलांना आवर्जून सांगावी. बारव ही जुनी गोष्ट आणि पाणी दुहेरी फडक्याने गाळणे हीदेखील जुनीच गोष्ट. पहिलीने रोग पसरला, दुसरीने तो अडवला, कारण सायक्लॉप्स फडक्यात अडकण्याइतका मोठा असतो. म्हणजे ‘जुने’ या एका शब्दाने काही ठरत नाही. प्रत्येक गोष्ट कशी काम करते हे पाहिल्याशिवाय तिच्याविषयी निकाल देता येत नाही.

आणखी एक कटू गोष्ट टाळून चालणार नाही. बारव गावाची म्हटली, तरी तिच्या पायऱ्या उतरण्याचा हक्क सगळ्या गावाला नव्हता. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला तो याच हक्कासाठी. १९७० च्या दशकात बाबा आढावांना ‘एक गाव एक पाणवठा’ ही मोहीम चालवावी लागली, याचा अर्थ तो प्रश्न तेव्हाही सुटलेला नव्हता. मोट शिवण्याचे आणि नाडा वळण्याचे कसबही जातीला बांधलेले होते. ज्यांच्या माथी ते मारले गेले, त्यांच्या मुलांनी ते सोडले आणि शाळा धरली, याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. कसब राखायचे असेल, तर ते आता सगळ्यांनी शिकायचे.

जालन्याचा पंप

आता हापशाकडे वळू. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून हवेच्या दाबावर चालणारी खोदयंत्रे आली आणि कठीण खडकात बोअर घेणे शक्य झाले. १९७२ च्या दुष्काळात या कामाला जोर आला. बोअरवर बिडाचे हातपंप बसवले गेले. ते परदेशी नमुन्यावरचे होते, एका कुटुंबाच्या वापरासाठी बनवलेले. आपल्याकडे एकेका पंपावर सगळी वस्ती पहाटेपासून रात्रीपर्यंत पाणी भरणार. पंप भराभर मोडू लागले. बोअरमध्ये पाणी आणि वर मोडका पंप, असे दृश्य गावोगावी दिसू लागले.

याचे उत्तर मराठवाड्यातच शोधले गेले, ही अभिमानाची गोष्ट आहे. जालन्याच्या चर्च ऑफ स्कॉटलंड मिशनशी संबंधित मंडळींनी बिडाऐवजी पोलादाचा आणि अनेक सांध्यांऐवजी एकाच खिळीवर फिरणाऱ्या दांड्याचा पंप बनवला. तो ‘जालना पंप’ म्हणून ओळखला गेला. पुढे सोलापुरात ऑस्कर कार्लसन या स्वीडिश तंत्रज्ञाने त्यात सुधारणा केल्या. ‘सोलापूर पंपा’चा हा नमुना घेऊन युनिसेफ आणि भारतीय अभियंत्यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘इंडिया मार्क २’ तयार केला. दांड्याच्या टोकाला साखळी, त्यामुळे आतली सळई सरळ खालीवर होते आणि झिजत नाही. आपल्या गावातला हापसा बहुधा याच घराण्यातला असतो. पुढे तो आफ्रिकेतल्या अनेक देशांतही गेला.

हापशाने पाणवठ्यावरचा पाय आणि पाणी यांची ताटातूट केली. अनेक दलित वस्त्यांना हाकेच्या अंतरावर पाणी मिळाले. तरीही एक अडचण उरली. मार्क २ चा आतला वॉशर झिजला, की तो बदलायला सगळे पाइप वर ओढावे लागतात. त्याला खास अवजारे, चार-पाच माणसे आणि तालुक्याची गाडी लागते. पाच-दहा रुपयांच्या वॉशरसाठी हापसा महिनोन् महिने बंद! म्हणून ‘मार्क ३’ची रचना करताना पाइप जागेवर ठेवून दट्ट्या वर काढता येईल, अशी सोय केली. उत्तर प्रदेशातल्या बांदा-चित्रकूट भागात १९९० च्या दशकात खेड्यातल्या बायकांना हापसे दुरुस्त करायला शिकवले गेले आणि त्यांनी ते काम उत्तम केले. हापसा चालू राहणे हे लोखंडाइतकेच दुरुस्तीचे ज्ञान कोणाच्या हाती आहे यावर अवलंबून असते.

राखीव म्हणजे काय?

पुढचे आपल्या डोळ्यांसमोर घडले. बोअर खोल गेले, आत पाणबुडी मोटारी सुटल्या. राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्याने शेतीसाठी व उद्योगासाठी ६० मीटरहून खोल विहिरींना मनाई केली आहे, पण मनाईने पाणी वाढत नाही. २०१४ आणि २०१५ असे लागोपाठ दोन पावसाळे मराठवाड्यात कमी पडले आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. अंतर सुमारे ३४० किलोमीटर! त्या उन्हाळ्यात मोट असती तरी उपयोग नव्हता. भूजलच संपले, तर जुने साधन आणि नवे साधन सारखेच निरुपयोगी. म्हणून कसब राखण्याआधी पाणी राखायला हवे.

राखीव कसबाचा प्रश्न एकट्या खेड्यांचा नाही. अमेरिकेच्या नौदल अकादमीने १९९० च्या दशकाच्या अखेरीस ताऱ्यांवरून जहाजाची जागा काढण्याचे सविस्तर शिक्षण बंद केले होते, कारण उपग्रह ते काम करत होते. उपग्रहांच्या संदेशात कोणी अडथळा आणला तर काय, या विचाराने २०१५ मध्ये ते पुन्हा सुरू केले. पेटीत सेक्स्टंट ठेवून भागत नाही, तो वापरता येणारा माणूस लागतो आणि त्याचा हात सरावात राहावा लागतो. २८ एप्रिल २०२५ रोजी स्पेन आणि पोर्तुगालमध्ये कित्येक तास वीज गेली, तेव्हा लोक बॅटरीवरचे रेडिओ शोधत फिरले. प्रगत देशांनाही राखीव साधनाची आठवण ते लागेल त्याच दिवशी होते.

आपल्या राज्यात या विचाराने केलेली एक साधी, चांगली रचना आहे : दुहेरी पंप. एकाच बोअरवर हापसा आणि सौरऊर्जेवर चालणारी मोटार. मोटार टाकीत पाणी चढवते, नळाला पाणी येते. मोटार बिघडली किंवा आभाळ भरून राहिले, तर हापसा आहेच. याउलट कितीतरी ठिकाणी मोटार टाकताना हापसा काढून भंगारात दिला जातो. २०१९ पासून जलजीवन मिशनमधून घरोघरी नळ देण्याचे काम सुरू झाले. ते स्वागतार्हच आहे, डोक्यावरची घागर उतरायलाच हवी. पण नळ आला म्हणून हापसा काढू नये, एवढे गावाने ठरवावे.

आमच्या मते, कोणतीही जुनी गोष्ट राखीव ठेवताना तीन प्रश्न विचारावेत. ती कशी चालते हे आज गावात कोणाला येते? ती सोडली त्याचे कारण काय होते आणि ते कारण आजही आहे का? आणि वर्षातून एकदा तरी ती वापरली जाते का? बारवेपुरते बोलायचे, तर तिचा गाळ काढावा, पाणी जनावरांना, झाडांना आणि धुण्याला वापरावे, भूजल किती उतरले हे तिच्या पायऱ्या मोजून टिपावे. प्यायला मात्र ते पाणी गाळून आणि शुद्ध करूनच घ्यावे. मोटेपुरते बोलायचे, तर तिचे गणित राखावे. मोट परत आणायची गरज नाही.

वर्गासाठी

सहावी ते नववीच्या मुलांना यातून वर्षभराचे काम देता येईल. गावातल्या सगळ्या पाणवठ्यांचा नकाशा काढावा आणि प्रत्येकापुढे लिहावे : विजेशिवाय चालतो की नाही, बिघडल्यास कोण दुरुस्त करते, शेवटचा केव्हा बंद पडला आणि किती दिवस. एक विहीर निवडून दर महिन्याच्या पहिल्या तारखेला दोरीला दगड बांधून पाण्याची पातळी मोजावी आणि आलेख काढावा. हे करताना मोठे माणूस सोबत असावेच. घरातल्या वृद्धांना नारूविषयी, मोटेविषयी आणि कोणत्या पाणवठ्यावर कोणाला मज्जाव होता याविषयी विचारून लिहून घ्यावे. शक्य झाल्यास हापसा दुरुस्त करणाऱ्या कारागिराला शाळेत बोलवावे आणि वॉशर, दट्ट्या, झडप मुलांच्या हाती द्यावी. दाबाचा धडा त्या दिवशी फळ्याशिवाय शिकवता येईल.

हा नकाशा वर्षाअखेरीस ग्रामसभेत मांडावा. विजेशिवाय चालणारा एकही पाणवठा गावात उरलेला नाही, असे मुलांच्या तक्त्यावरून दिसले, तर त्यावर मोठ्यांना काहीतरी करावेच लागेल.